चाकं टेकवून पुन्हा वर

अगं मुक्ता, जवळ असतीस तर कान धरला असता तुझा. विमान चालवायला शिकायचं तर परदेशच हवा म्हणे! आमच्या धुळ्याच्या आभाळाला काय झालंय?

गच्चीवर पापड घालताना बघते, इथल्या विमानशाळेचं शिकाऊ विमान खाली येतं, चाकं टेकवतं, की लगेच वर. मला वाटलं, बिचाऱ्याला उतरणं जमेना. म्हणून मीठ-मोहरी घेऊन मी चक्क विमानाची दृष्ट काढली! शेजारची शालू हसत सुटली, "मावशी, ते उतरायचाच सराव करताहेत."

म्हणजे उडायला शिकणं हे निम्मं परतायला शिकणंच की! तू इथे शिकलीस तर गच्चीतून हात तरी हलवीन. परदेशातलं तुझं विमान मला कुठून दिसायचं? ठरवण्याआधी एकदा ये गं भाचे, लवकर. अजून बरेच पापड लाटायचेत, लाट्या खायला मिळतील.