चपलांपाशी ठेवलेलं व्हायोलिन

"हे इथं नको," म्हणत सरांनी माझं व्हायोलिन पूजेच्या चौरंगावरून उचलायला लावलं. दाराशी, चपलांपाशी ठेवायला लावलं.

जळगावातल्या त्यांच्या संगीताच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. मी तिथलीच जुनी विद्यार्थिनी. आधी वाद्यपूजा, मग माझं वादन. नको तिथं तोंड उघडलं ते मीच. मोठ्या हौसेनं पोरांना सांगत बसले, की तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत मी तेव्हाच्याच पद्धतीनं वाजवते, म्हणून तारा स्टीलच्या नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या आहेत. सरांनी ऐकलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढी परदेशात शिकलीस आणि शेवटी आतड्यावरच आलीस! रक्तातच असतं ते."

पोरं हसली. त्यांच्या आया हसल्या. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

शेवटच्या रांगेत आबा बसले होते. माझे वडील. खास दोंडाईच्याहून आलेले, नवा सदरा घालून. आबा तबल्याला पुडी बसवतात. शेळीचं कातडं ताणून ताणून बोटांना घट्टे पडलेत. त्यांनी मला स्टेजवर कधीच ऐकलं नव्हतं.

सरांनी दुसरं व्हायोलिन पुढं केलं. "स्टीलच्या तारा आहेत. यावर वाजव."

मी चौरंगाकडं पाहिलं. हळदकुंकू लावलेला तबला. पुडी आबांच्या हातची. लहानपणी आबा ती द्यायला यायचे, तेव्हा सर उंबऱ्याबाहेर ठेवायला लावायचे, पाणी शिंपडून आत घ्यायचे. मी ते बघायची. आणि आत जाऊन सरांच्या पाया पडायची.

"सर, तबल्याचं कातडं चालतं?"

"त्याची शुद्धी केलेली असते."

मी चपलांमधून माझं व्हायोलिन उचललं आणि न वाजवता बाहेर पडले. आबा मागोमाग आले. बसस्टँडपर्यंत चालत आलो. मग म्हणाले, "मी तुनं वाजाडनं आयकाले येल व्हतू."

माझं वाजवणं ऐकायलाच आले होते ते. सरांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. ज्यांना विटाळ वाटला, उठून जायला हवं होतं त्यांनी. गेले मी.

आता जात नाही. कुठलाही हॉल असो, सूर लावण्याआधी माईकवर सांगते: या तारा आतड्याच्या आहेत. मी तबल्याला कातडं चढवणाऱ्याची लेक आहे. विटाळ होत असेल त्यानं आत्ताच उठावं. मग थांबते.

पुढच्या महिन्यात धुळ्यात वाजवायचंय. सरांना निमंत्रण धाडलंय. पहिली रांग, आबांच्या शेजारची खुर्ची.