मास्तरांच्या मिशा

तुरटीचा खडा दिसला की मला बाळापूरकडचं आमचं गाव आठवतं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मास्तरांनी पोरांना शिकवलं, की माणूस काही देवानं घडवला नाही, माणसाचे आणि वांदराचे पूर्वज एकच. गाव खवळलं. त्याच आठवड्यात आमच्या मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वांदर मेलेलं सापडलं. वांदर म्हणजे आमचा मारुतीच. गुलाल उधळत, भजनं म्हणत त्याची मयत निघाली. शाळेपुढे आम्ही मास्तरांना बाहेर ओढलं. "मास्तर, तुमच्या घरचं मानूस गेलं, मंग केस कोन देईन?" पाटील हसत म्हणाले. "माहा बाप जिता हाय, मिशा नोका काढू," मास्तरांनी हात जोडले. बाप असताना मिशा काढणं म्हणजे त्याला जिवंतपणी मारणंच, आणि त्यांचे म्हातारे वडील समोरच उभे होते. ते हात मी मागे पिरगाळून धरले. न्हाव्यानं डोकं, मिशा कोरड्याच भादरल्या, रक्तावर तुरटी फिरवली. म्हातारा मटकन खाली बसला. बाप-लेक पुन्हा गावात दिसले नाहीत. आज मारुतीच्या देवळाचा पुजारी मीच आहे, आणि वांगी खातं म्हणून त्या वांदराच्या डोक्यात गोफणीचा धोंडा घालणाराही मीच होतो.