अपडेट चालू असताना

बटणरावांना मी खरं तर ओळखत नव्हतो. आमची टेबलं शेजारी होती, एवढंच. एकाच कीबोर्ड, माउस आणि स्क्रीनवर आठ संगणक चालवणारा स्विच ते सांभाळायचे, म्हणून हे नाव. त्या दुपारी स्विचच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट चालू होतं आणि साहेबांना मीटिंगसाठी स्क्रीन हवी होती.

"साहेब, आत्ता स्विचचा प्लग काढलात तर हा डबा मेलाच समजा."

"तुमचं नेहमीचंच रडगाणं!" म्हणत साहेबांनी प्लग उपटला. स्विच पुन्हा सुरू झालाच नाही. चौकशीत मी "माझं लक्ष नव्हतं" म्हणालो, साहेब नामानिराळे राहिले आणि नोकरी गेली बटणरावांची.

निघताना त्यांनी खिशातून स्विचच्या कपाटाची किल्ली काढली.

"ही कुणाकडे देऊ?"

"ठेवा टेबलावर," मी म्हणालो.