सुमनचं नाव, जाड टाइपात

परवा सायकलची चेन पुसायला रॉकेल घेतलं आणि तुमसरचा तो जुना छापखाना नाकात भरला. मी तिथे जुळारी होतो, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचो. काम संपलं की खिळे रॉकेलने धुऊन आपापल्या खणात परत टाकायचे, असा मालकांचा नियम होता.

जाड टाइपाची आमच्याकडे एकच पेटी होती. त्याच्या उभ्या रेघा भरीव, वळणं टोकाशी निमुळती. कागदात तो असा रुतायचा की बोटाला अक्षर लागावं. म्हणून लग्नपत्रिकेतली नावं त्यातच जुळवायचो.

तळ्यावर मासे धरणारा सोमा पत्रिका छापायला आला. म्हणाला, "पोरीचं नाव जाड अक्षरात टाका, भाऊ. मले वाचता येत नाही, पण हाताले लागलं पाहिजे." जुळवलेलं ‘सुमन’ मी त्याच्या तळहातावर ठेवलं. ‘म’ची कड तुटकी होती. त्यावरून अंगठा फिरवून तो हसला.

पावसाळ्यात सुमन तापाने गेली. सोमा तेरवीची कार्डं छापायला आला. आळसापायी तिच्या नावाचे खिळे मी सोडलेच नव्हते. सुतळीने बांधलेले तसेच फळीवर होते. तेच उचलून लावले. तेवढंच काम वाचलं, असंही वाटलं.

कार्डावर फिरणारा सोमाचा अंगठा ‘म’पाशी थांबला. "हे तेच होय न, लग्नातलं?"

"नाही, नवीन जुळवलं," मी घाईने म्हणालो.

"तेच असतं तं मांगून नेलं असतं, भाऊ."

तो गेल्यावर मी सुतळी सोडली, खिळे रॉकेलने धुतले आणि नियमाप्रमाणे खणात टाकले.