लाल गाडीतली तडतड

चाळिशी उलटली आणि माझे कान मला सोडून चालले. माणसाचं बोलणं कळायचं, जाड आवाज यायचा. बारीक टिकटिक मात्र पार गेली. परभणीत जिंतूर रोडला माझं गॅरेज, मागं घर. मिस्त्रीला आवाज येत नाही असं एकदा गावात झालं, की पोटावर पाय आलाच. म्हणून मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, बायकोलाही नाही. इंजिनावर तळहात ठेवायचा आणि थरथरीवरून ओळखायचं, असं चाललं होतं.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. एसटी कधी बंद राहील याचा नेम नसे, त्यामुळे लोक जुन्यापान्या गाड्या बाहेर काढत आणि माझ्याकडे आणत. बायको चहा घेऊन यायची आणि उगाच काहीतरी बोलायची. "पाट्यावर चटणी वाटल्यावाणी काय घरघरायलंय वो?" मी खेकसायचो, "तुझं काय काम हितं?" ती गेली की माझा हात आपसूक पाण्याच्या पंपाकडे जायचा आणि बेअरिंग गेलेलं निघायचं. मी म्हणायचो, बघा, अनुभव असा असतो.

जिंतूरच्या एका कापूस व्यापाऱ्यानं हौसेनं हैदराबादहून जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची. त्या दिवशी ती हिसके देतच आली.

"मिस्त्री, लय अडखळायलीय," तो म्हणाला.

इंजिन चालू ठेवून मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दुसऱ्या सिलिंडरची वायर काढली तरी इंजिनाला काही फरक पडेना, म्हणजे तो आधीच मेलेला. वायर परत लावली. नवा प्लग घातला, कार्बुरेटर धुतला. पुन्हा तेच. मी सांगून टाकलं, "व्हॉल्व्ह गेलाय. इंजिन खोलावं लागंल." व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. त्या गाडीचं सामान हैदराबादेतही मिळत नव्हतं. एकदा खोललं की ती पुन्हा उभी राहीलच असं नव्हतं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. चालू इंजिनाजवळ क्षणभर थांबली आणि बोट दाखवून म्हणाली, "अवो, चुलीत वलं लाकूड तडतडतं तसं हितं काय तडतडायलंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तिचं बोट इंजिनावर नव्हतं, वरच्या वायरीवर होतं. मी बॉनेटवर गोणपाट ओढलं आणि अंधारात डोकं घालून पाहिलं. वायरीतून निळी ठिणगी लोखंडावर उडत होती. गाडी सरकीच्या गोदामात उभी असायची. उंदरांनी सरकीबरोबर वायरीचं रबरही कुरतडलं होतं. वायर बदलली आणि गाडी सुरळीत चालू लागली. माझा जीव भांड्यात पडला.

पण जीव फार वेळ भांड्यात राहिला नाही. व्यापारी माझ्याकडं न बघता बायकोला विचारत होता, "वैनी, आता येतो का आवाज?"

"न्हाई भाऊ. गेला."

माझी पाचावर धारण बसली. तो माझ्याकडं वळला. "असं काय बघता, मिस्त्री? तुमाला बारीक आवाज येत न्हाई, हे जिंतूरच्या समद्या गाडीवाल्यांला ठाव हाय."

"मग माझ्याकडं गाड्या कशाला आणता?"

"वैनींच्या चहाच्या टायमालाच आणतो की," तो हसत म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

मी बायकोला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"कुकरच्या शिट्ट्या तुमाला ऐकू येईनात, तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाई म्हणून."

ती कपबशा उचलून घरात गेली. मी तिथंच बसून राहिलो. जिच्यावर रोज खेकसत होतो, तिनं माझी रोजीरोटी सांभाळलीच, वर माझा मानही राखला. आणि गिऱ्हाइकं, ज्यांना मी एवढा भ्यायचो, ती सगळं जाणून माझ्याच दारात येत होती. इतक्या माणसांनी मला जपलं, हे कळून डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी एक जीप आली. मी बॉनेट उघडलं आणि गिऱ्हाइकासमोरच घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली.