शांत खोलीची अट

परदेशातल्या त्या विद्यापीठाचा मेल आला तेव्हा मी कॉलेजच्या पायऱ्यांवर पत्रकं वाटत होते. मुलाखत ऑनलाइन होणार होती, वार बुधवार, वेळ दुपारची. खाली एक अट होती: उमेदवाराने शांत, बंद खोलीत बसावं, मागे कोणताही आवाज नसावा. मला ती वाचून राग आला. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, पण हा वाजवी होता. ज्याने ती ओळ लिहिली त्याच्या घरात शांत खोली आहे, त्याच्या शेजाऱ्याकडेही आहे. आपण समोरच्याकडे काही मागतोय, असं त्याला लिहिताना वाटलंही नसणार.

आम्ही निजामपुऱ्यात राहतो. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही चालतात. भिंत सतत थरथरत असते. फळीवरचे स्टीलचे डबे सरकत सरकत कडेला येतात आणि आई येता-जाता त्यांना मागे ढकलते. शुक्रवारी लूम बंद असतात. आईला आठवडाभर दुपारी छान डुलकी लागते, फक्त शुक्रवारी लागत नाही. मुलाखत शुक्रवारी ठेवता येईल का, असं मी विचारून पाहिलं. वेळापत्रक ठरलेलं आहे, क्षमस्व, असं उत्तर आलं.

मला कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा होता, त्यातही कानांचा. माझे बाबा जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून पुन्हा चालू करून देणारे. पन्नाशीच्या आतच त्यांचा उजवा कान गेला. कारखान्यात याचं कुणाला नवल वाटलं नाही. केस पिकतात तसे कान जातात, असं तिथं सगळे धरून चालतात. मला ते धरून चालायचं नव्हतं. त्या विद्यापीठात नेमका हा विषय होता, आणि मुलाखतीत निवड झाली तरच फी माफ होणार होती. नाही झाली तर पदवी घेऊन काल्हेरच्या एखाद्या गोदामात खोक्यांवर बारकोड मारायचे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली तिथं आधीच लागल्या होत्या. त्यात कमीपणा काही नाही, पण मला ते नको होतं.

त्याच आठवड्यात शेवटच्या सत्राची परीक्षा होती. सकाळी रसायनशास्त्र, संध्याकाळी इंग्रजीतली उत्तरं पाठ करणं. वेणी घालताना कंगव्यात गुंतवळ यायचं. ‘टेन्शन घेऊ नको’ असं कुणी म्हणालं की त्याच्या तोंडावर पुस्तक फेकून मारावंसं वाटायचं. आणि या सगळ्यावर तो एकच प्रश्न बसलेला: बुधवारी बसायचं कुठे?

आधी विभागप्रमुखांकडे गेले. कॉलेजात सेमिनार हॉल आहे, एसी आहे, नेट चांगलं आहे. पण मी वाटत होते ते आम्हा विद्यार्थ्यांचं पत्रक त्यांच्याच विरोधात होतं. ऐन परीक्षेत त्यांनी वाचनालयाला कुलूप घालून तिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले होते. ज्यांच्या घरी टेबल नाही त्यांनी वाचायचं कुठे, असं आम्ही छापलं होतं. ते पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. त्यावर चहाचा कप ठेवलेला.

“तुम्हाला शांतता हवी?” सर म्हणाले. “काल पायऱ्यांवर कोण ओरडत होतं?”

मी म्हणाले, मीच.

ते हसले. हॉल देतो, एसी लावून देतो, शिपाई बाहेर उभा करतो म्हणाले. मात्र वाचनालयाचं प्रकरण परीक्षा संपेपर्यंत थांबवायचं. परीक्षा संपल्यावर वाचनालय काय चाटायचंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी जरा सभ्य शब्दांत तेच बोलले. त्यांनी कप उचलला, मग माझी सोय मी बघावी असं सांगितलं आणि दाराकडे पाहिलं.

लोकांना वाटतं अशा वेळी छाती फुगते. मला जिन्यावर बसावं लागलं. एका वाक्यात आपण सगळं घालवलं, एवढंच डोक्यात होतं.

घरी सांगितलं तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी परस्पर मार्ग काढला. त्यांनी पलीकडच्या कारखान्यातल्या कामगारांना विचारलं की माझी मुलाखत चालेल तेवढा वेळ लूम बंद ठेवाल का. मला हे कळलं ते गल्लीत. एक म्हातारे चाचा, उत्तर प्रदेशातले, मला थांबवून म्हणाले, “बिटिया, फिकर मत कर. बंद कर देंगे, इम्तहान तो इम्तहान है.” मी त्यांचे आभार मानले आणि नको म्हणाले. मग घरी येऊन बाबांवर तुटून पडले.

“तुम्ही त्यांना विचारलंत कसं? विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते त्यांना.”

“मी जबरदस्ती न्हाय केली. त्येंनीच हो बोललं.”

“जॉबरने विचारल्यावर नाही कोण म्हणेल, बाबा? उद्या लूम अडला तर तुमच्याकडेच यायचंय त्यांना.”

बाबांना ते लागलं. मग म्हणाले, “मंग तू बसनार कुटं, ते तरी सांग.”

माझ्याकडे तत्त्व होतं, जागा नव्हती.

जागा शेवटी मामाने काढली. आईचा हा भाऊ शेलार गावचा, शेती सुटल्यापासून काल्हेरला एका नव्या टॉवरवर वॉचमन आहे. वरचे फ्लॅट विकले गेलेले नव्हते. त्याने तिथल्या साहेबांना विचारून एकाची चावी मिळवली आणि फोनवर म्हणाला, “ये बिनधास्त. वर कोन न्हाय. कबुतरं हायेत, पन ती काय इंग्लिश बोलनार न्हायत.”

बुधवारी रिक्षा ट्रकांच्या रांगेत अडकली. दोन्हीकडे कंटेनर, पुढे कुणाचातरी टायर फुटलेला. मी सारखी घड्याळ बघत होते. शेवटी उतरले आणि लॅपटॉप पोटाशी धरून चालत, मग पळत गेले. टॉवरची लिफ्ट बंद होती. वर पोहोचले तेव्हा मामाने रंगाच्या डब्यावर फळी टाकून टेबल केलं होतं. समोर प्लास्टिकची खुर्ची. त्याने कबुतरं हाकलली, खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला.

आणि मग ती शांतता आली. माझा श्वास मला ऐकू येत होता. घोट गिळल्याचा आवाज येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा खोलीत एकटी बसले होते. मला ती खोली अजिबात आवडली नाही.

पडद्यावर दोघे आले, एक वयस्क बाई आणि एक तरुण प्राध्यापक. हा विषय का घ्यावासा वाटला, असं बाईंनी विचारलं. पाठ केलेलं उत्तर मी सुरू केलं. दोनच वाक्यं झाली असतील, प्राध्यापकांनी डोक्यावरचा हेडफोन कानापासून लांब धरला. बाई म्हणाल्या, माइकपासून जरा मागे बसा. मी खुर्ची मागे घेतली. पुन्हा बोलले. तेव्हा त्या फार गोड आवाजात म्हणाल्या की ओरडायची गरज नाही, आम्हाला नीट ऐकू येतंय.

मी ओरडत नव्हते. मी बोलत होते. आमच्या घरात, गल्लीत, सभेत, सगळीकडे मी याच आवाजात बोलते. बाकीचेही याच आवाजात बोलतात. शांत खोली शोधण्यात आठवडा घालवला आणि तिथं बसायचं कसं हे मला माहीतच नव्हतं.

आवाज खाली आणला. आणि त्याबरोबर सगळं गेलं. शब्द गेले, मुद्दे गेले, क्रियापदं गेली. कुजबुजत विचार करायची मला सवय नाही. हळू आवाजातली माझी इंग्रजी मलाच कुणा परक्या, घाबरट मुलीची वाटत होती. एक वाक्य अर्धं राहिलं, दुसरं सुरूच झालं नाही. प्राध्यापकांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. संपलं, असं मला वाटलं. खरंच संपत आलं होतं.

मग मी थांबले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगून टाकलं की हळू बोलले तर मला विचार करता येत नाही. आमच्या भिंतीपलीकडे लूम आहेत, आम्ही सगळे असेच बोलतो. कृपा करून तुम्ही तुमच्याकडचा आवाज कमी करा.

फ्लॅटभर ते घुमलं. मग बाईंनी हात पुढे करून काहीतरी फिरवलं, प्राध्यापकांनीही. बाई म्हणाल्या, “आता बोला.”

नंतर त्यांनी खरे प्रश्न विचारले. कामगारांना कानात घालायला बोळे दिले आणि त्यांनी ते काढून टाकले तर काय कराल? मी म्हणाले, काढणारच. धागा कुठे बिघडतोय हे त्यांना लूमच्या आवाजावरून कळतं, कान बंद केला तर कापड खराब होतं आणि मजुरी कापली जाते. दोष त्यांचा नाही, मजुरीच्या रीतीचा आहे, सुरुवात तिथून करावी लागेल. प्राध्यापक वाद घालायला लागले. मीही घातला. वाद म्हटल्यावर माझी इंग्रजी सुधारते. बोलणं संपलं तेव्हा घसा बसला होता. मामा दार उघडून म्हणाला की खाली गेटपर्यंत ऐकू येत होतं. भांडण झालं का, असं त्याने विचारलं.

परीक्षा संपली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं. आत कुणीही नव्हतं.

निवड झाल्याचा मेल पुढे काही आठवड्यांनी आला. बाबा कारखान्यातून नुकतेच आले होते. त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, मग आईलाही सांगायला लावलं. त्यानंतर मुलाखतीत काय काय झालं ते सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. हेडफोनच्या गोष्टीला ते हसले नाहीत.

“तिकडं समदे हळूच बोलतात?”

“हळूच.”

“मंग तू बी शिक.”

मी कशाला शिकू, असं मी फणकाऱ्याने म्हणाले. हवं तर त्यांनी आवाज कमी करावा.

“शिक. रोज रोज कोन कमी करनार?” बाबा हातपाय धुवायला उठले. मोरीच्या दारात थांबून म्हणाले, “पन हिकडं फोन करशील तवा असंच बोल, बाय. न्हायतर मला काय ऐकू यायचं न्हाय.”