मशीनबरोबर काय लावायचं

निपाणीच्या स्टँडामागच्या गल्लीत अंजना शिंगेचं पार्लर आहे. पार्लर म्हणजे काय, तर दहा बाय दहाची खोली, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दाराशी बायकांना थांबायला बाकडं. बाहेर बोर्ड आहे, पण त्यातला ‘ब्युटी’ हा शब्द उन्हानं कधीच उडून गेला. तो परत रंगवायचा अंजनाला कंटाळा. पण कोगनोळीपासून संकेश्वरापर्यंत कुणालाही विचारा, तोंडाला मसाज करून घ्यावा तर अंजनाक्काच्या हातानं. बाई खुर्चीत बसते, अंजना तिच्या कपाळावर बोटं टेकवते, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला बाई चक्क घोरायला लागते. कशानं ते अंजनालाही सांगता येत नाही. तिनं त्याचा कधी विचारही केला नाही.

तिची आई वखारीत तंबाखू चाळायची. पहाटे गेलेली बाई दिवेलागणीला परत यायची ती डोक्यापासून पायापर्यंत तंबाखूच्या भुकटीनं माखून. बोटं पिवळी, घसा खवखवलेला. पोरीचे हात ह्या धुळीत जाऊ द्यायचे नाहीत, एवढं एकच तिनं आयुष्यात हट्टानं केलं. अंजना बारावी झाली, मग लग्न, मग नवऱ्याच्या मागं लागून बेळगावात सहा महिन्यांचा ब्युटीपार्लरचा कोर्स. नवरा सिद्राम लाईट खात्यात लाईनमन. कोर्साला ती रोज बसनं जायची, रोज परत यायची. त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली.

खरं काम मात्र पार्लरपेक्षा घरोघरी जाऊन व्हायचं. सात घरं तिची ठरलेली, सगळी मळ्यातली, बड्या शेतकऱ्यांची. त्यातलं पहिलं आणि मानाचं घर माधवी देसाईंचं, कोगनोळीच्या अलीकडं. माधवीनं ज्या रंगाची साडी घेतली त्या रंगाची साडी आठवड्याभरात बाकी सहा घरांत दिसायची, असला त्या बाईचा दरारा. पंधरा वर्षं, महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, अंजनाची स्कुटी त्या दारात.

दारात म्हणजे मागच्या दारात. खुर्ची मागच्या सोप्यात टाकलेली असायची, न्हाणीशेजारी. माधवीच्या सासूबाई मनुबाई आत, दाराच्या आड बसून असायच्या. मसाज झाला की आतून आवाज यायचा, “तोंड धुऊन मगच सैपाकघरात ये गं. तेलकट तोंडानं नगं.” तेलाचं आपलं निमित्त. माधवीला ते ठाऊक होतं, अंजनाला ठाऊक होतं, मनुबाईंना तर होतंच होतं. पंधरा वर्षं तिघी जणी तेलाबद्दलच बोलत राहिल्या.

मागच्या श्रावणात अंजना गेली, तर माधवी खुर्चीत न बसता हातात एक पांढरं यंत्र घेऊन उभी. मुठीएवढा दांडा आणि पुढं दोन चकचकीत गोळे.

“बघा, आमच्या लेकीनं, रचनानं दिलं. तिनं बेंगळूरात नवं घेतलं, हे वापरलेलं मला. बारीक करंट असतोय म्हणं ह्यात. रोज धा मिनिटं फिरवायचं, गाल वर उचलत्यात.” माधवी हरखून गेली होती. “आता तुमास्नी दर महिन्याला एवढ्या लांब यायचा तरास न्हाई, अंजनाक्का.”

हे ती अगदी मायेनं म्हणाली. त्यात लबाडी काही नव्हती.

“फकस्त एवढं सांगा, ह्या मशीनबरोबर काय लावायचं? रचनाला विचारलं तर ती म्हणती, यूट्यूबवर बघ. तुमचं ते बदामाचं तेलच लावू न्हवं?”

अंजनानं पिशवी खाली ठेवली. बेळगावच्या कोर्सात करंटचं यंत्र तिनं स्वतः हाताळलं होतं. मॅडम रोज ओरडून सांगायच्या, आधी तेलाचा थेंब न् थेंब धुऊन काढा, मग जेल लावा, करंट पाण्यातनं जातो, तेलातनं जात नाही. ते तिला अजून तोंडपाठ होतं. आणि आणखीही एक गोष्ट तिला त्या सोप्यात उभ्या उभ्या कळली. हे मशीन ह्या घरात चाललं, की दिवाळीपर्यंत बाकी सहा घरांत येणार. मग तिच्या हातांना विचारतंय कोण?

“व्हय वैनी,” अंजना म्हणाली. “तेलच लावा. भरपूर लावा.”

संध्याकाळी तिनं सिद्रामला सांगितलं, तर तो हसून हसून बेजार. “अगं येडे, तेलातनं करंट जातोय व्हय? ट्रान्सफॉर्मरात तेल कशाला भरत्यात मग?”

“ठाऊक हाय मला.”

सिद्रामचं हसू थांबलं. “मग?”

“मग काय न्हाई. चा घ्या, निवाय लागलाय.”

तीन आठवडे गेले. माधवीचा फोन आला तेव्हा अंजना एका पोरीच्या भुवया करत होती. “तुमीच या अंजनाक्का, ह्या मशीनचं काय खरं न्हाई.” ऐकून अंजनाला इतकं बरं वाटलं की त्या पोरीकडनं पैसे घ्यायचेच विसरली. स्कुटीवर सगळ्या रस्त्यानं गुणगुणत गेली.

माधवी मागच्या सोप्यात पदर खोचून बसली होती. उजव्या गालाच्या हाडावर लाल डाग, मधली कातडी सुटलेली.

“अगं बया! हे काय वैनी?”

“काय सांगायचं. फिरवलं, फिरवलं, काईच जाणवंना. म्हणून आकडा वाढवत गेले. पार शेवटच्या आकड्यावर नेला. हितलं तेल टॉवेलानं पुसलं गेलं हुतं, तिथं मशीन टेकलं आन् चर्रकन् बसलं की वो. माझीच कातडी वंगाळ, दुसरं काय. तुमच्या हातानंच बरं वाटतंय मला.” माधवीनं डोळे मिटून तोंड पुढं केलं.

अंजनानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पण बोटं काही त्या गालाकडं जाईनात. वीस वर्षांत तिच्या हाताखालच्या बाईच्या तोंडाला ओरखडा गेला नव्हता. तिला स्वतःची शरम वाटली.

“वैनी, तेलातनं करंट जात न्हाई.”

माधवीनं डोळे उघडले.

“मला ठाऊक हुतं. तेल लावा म्हणून मी मुद्दाम सांगितलं.”

“का वो?”

“मशीन चाललं तर मी कशाला लागते तुमास्नी?”

माधवीनं पुढं केलेलं तोंड मागं घेतलं. मग म्हणाली, “पंधरा वर्षं माझं तोंड तुमच्या हातात दिलं, अंजनाक्का.” एवढंच. आरडाओरडा केला असता तर अंजनाला सोपं गेलं असतं. माधवी आत गेली, रचनाची जुनी वही आणि पेन घेऊन आली. “आता सांगा. खरं काय ते सांगा.”

अंजनाची लेक अक्षरा बेळगावात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता आपल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून अंजनानं तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अक्षरा आईसारखी नाही, ती घडाघडा बोलते.

“काकी, आधी तो डाग पूर्ण बरा होऊ द्या. तोवर मशीनला हात लावायचा नाही. बरा झाला की साध्या फेसवॉशनं तोंड स्वच्छ धुवायचं, तेल, क्रीम, पावडर काही राहता कामा नये. मग पाण्यासारखं पातळ हायलुरॉनिक सिरम. त्याच्यावर मशीनचं जेल, चांगलं जाड. आधी एकच गाल, तो झाला की दुसरा, कारण जेल वाळलं की चटका बसतो. वाळतंय वाटलं तर पाण्याचा हात लावा. गळ्याच्या मधोमध फिरवायचं नाही. आकडा खालचाच ठेवा.”

“परड्यात कोरफड हाय, ती चालंल?” माधवी लिहिता लिहिता म्हणाली.

“ती नको, कच्च्या चिकानं खाज सुटते. आणि सगळं झालं की जेल पुसून मग क्रीम लावा. तेल आवडत असेल तर तेही चालेल, पण सगळ्यात शेवटी. सुरकुत्यांची रेटिनॉलवाली क्रीम असेल तर ती मशीनच्या दिवशी नको. सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन. आणि पोटुशी बाई, फिट येणारं माणूस, छातीत पेसमेकर बसवलेलं माणूस, ह्यांनी हे मशीन वापरायचंच नाही.”

माधवीनं सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली. “आता तुमी न्हाई आलासा तरी चालंल,” ती म्हणाली. ह्या खेपेला त्यात माया नव्हती.

अंजना पिशवी आवरायला लागली. तेवढ्यात दाराआडून मनुबाई बाहेर आल्या. शहात्तर वर्षांची बाई, काठी न घेता चालणारी. पंधरा वर्षांत त्या अंजनासमोर अशा पहिल्यांदाच उभ्या राहिल्या.

“त्या पोरीनं काय सांगितलं शेवटाला? छातीतल्या मशीनचं?”

“पेसमेकर असलेल्यानं हे वापरायचं न्हाई, आईसाब.”

“म्हंजे मला चालत न्हाई.” त्यांनी पदराखाली, डाव्या खांद्याच्या जरा खाली हात ठेवला. आदल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर त्यांना ते बसवलेलं. “मला वाटलं हुतं, सुनेचं झालं की म्या बी लावून घ्यावं. तेवढीच झोप लागली असती. मालक गेल्यापासनं झोप न्हाई मला. रोज रातीच्याला वरच्या तुळया मोजतो.” गावाकडच्या जुन्या बायका बोलतात तशा त्या बोलायच्या, येतो, जातो, मोजतो. “ही तुझ्या हाताखाली झोपती ते पंधरा वर्षं बघतोय म्या.”

माधवी सासूकडं बघतच राहिली. तिला हे नवीन होतं.

“हातानं केलं तर चालतं, आईसाब,” अंजना म्हणाली. “हाताला कसला करंट.”

मनुबाईंनी अंजनाच्या हातांकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, “मग ये उद्या. आत ये. सोप्यात नगं.”

अंजनानं हे वाक्य कितीदा तरी मनात ऐकलं होतं. सुरुवातीची दोन-चार वर्षं, स्कुटी चालवता चालवता, ती ह्यावर काय उत्तर द्यायचं ते ठरवायचीसुद्धा. त्यातलं एकही आता कामाला आलं नाही.

“ह्या घरातलं माझं काम संपलं, आईसाब. वैनी आत्ताच म्हणाल्या, आन् त्यांचं बरोबर हाय, चूक माझी हाय. माझं दुकान निपाणीत हाय. तिथं या.”

“कुठं?”

“स्टँडामागं. आमच्या गल्लीत.”

ती गल्ली कुणाची ते निपाणीत कुणाला सांगावं लागत नाही. अंजनानं पिशवी उचलली आणि निघाली.

पुढं व्हायचं तेच झालं. माधवीचा गाल बरा झाला, मशीन चाललं, आणि दिवाळीच्या आत बाकी सहांतल्या चार घरांत तसली मशिनं आली. चौघींनी अंजनालाच फोन करून विचारलं, काय लावायचं. चौघींना अंजनानं खरं तेच सांगितलं. अक्षरानं ती यादी टाईप करून आणली, ती अंजनानं आरशाशेजारी चिकटवली आणि एका फळीवर जेलच्या ट्यूबा मांडल्या. जेल बरं खपतं. घरोघरी जाणं मात्र जवळजवळ थांबलं, आणि सोमवारी स्कुटी दारात उभी बघून तिचा जीव तुटायचा. सिद्रामला म्हणायची, “माझं हात गंजत्यात बघा.” तो म्हणायचा, “तेल लाव.” मग दोघं हसायची. पण ते हसणं उसनं होतं.

कार्तिकात एका बाजारच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी देसायांची गाडी थांबली. आत येण्याइतकी गल्ली रुंद नाही. मनुबाई उतरल्या, ड्रायव्हरला तिथंच थांब म्हणाल्या आणि एकट्या चालत आल्या. दारादारांतून बायका बघत होत्या. कुणीतरी घाईघाईनं दारातलं धुणं आत ओढलं. मनुबाईंनी बोर्ड वाचला, चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

आत खुर्चीत बाजारात मेथी विकणारी एक बाई बसली होती, तिच्या भुवया चालल्या होत्या. बाकड्यावर सरकारी दवाखान्यातली एक नर्स, तिच्याशेजारी जागा रिकामी. मनुबाईंना बघून मेथीवाली खुर्चीतून उठायलाच लागली. अंजनानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं.

“या आईसाब,” ती म्हणाली. “बसा तिथं. दोघींचं व्हायचंय अजून.”

नर्स जरा सरकली. मनुबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग पदर सावरून तिच्याशेजारी बसल्या. अंजनानं दोरा दातांत धरला आणि मेथीवालीची दुसरी भुवई करायला घेतली. रोज जेवढा वेळ लागतो तेवढाच तिनं लावला.